बाणाईचं साल

बाई, साल सापडलं! म्हणजे खरं सांगायचं तर दोन सालं सापडली, आणि त्यांतलं नेमकं कोणतं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण इतकी वर्षं आपण दोघी ज्याच्यासाठी भांडलो ते सापडलं. काल तुमची तेरवी झाली. बैठकीत पाहुण्यांच्या सतरंज्या अजून तशाच आहेत. तुमचा फोटो फ्रेम होऊन आला आहे, आणि त्यात तुम्ही पंगतीत वाढता वाढता कोणी हाक मारली म्हणून मागे वळल्यासारख्या दिसता. अशा घरात धाकट्या जावेने हरखून जाणं शोभत नाही, हे मला कळतं. रडून झालं आहे, बाई, आणि पुन्हा रडायचंही आहे. पण ही बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडायचा नाही, म्हणून फोटोसमोर बसून लिहिते आहे.

मी वर्ध्याची. बाबा कचेरीत, आई शाळेत. आमच्याकडे देव म्हणजे भिंतीवरच्या तसबिरी आणि संध्याकाळची उदबत्ती. नाचणगावच्या या किराणा दुकानवाल्यांच्या घरात धाकटी सून होऊन आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तुम्ही मला देव्हाऱ्यापुढे बसवलंत आणि सासरच्या माणसांची करून द्यावी तशी देवांची ओळख करून दिलीत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुळाचे टाक. मग एक तांब्याची बोटभर बैठक उचललीत. तिच्यावर लाखेने बसवलेली चांदीची गोल चकती, आपल्या चाराण्याहूनही लहान. चकतीवर बसलेली एक बाई.

"हे बाणाई," तुम्ही म्हणालात. "आपल्या घरची. हिले पयले आंघोळ, मंग बाकीच्याईले. ध्यानात ठेवजो."

बाणाईला नाक नव्हतं, डोळे नव्हते. एका हातात काठीसारखं काहीतरी, दुसरा हात कशावर तरी टेकलेला, गुडघ्यांवरून घोळदार वस्त्र. कडेने काही नक्षी असावी, तिची नुसती खरखर उरली होती. या घरातल्या सुनांनी शंभर वर्षं तिला रोज पाण्याने आणि सणावारी चिंच-राखेने चोळून चोळून तिचं सगळं रूप धुऊन काढलं होतं. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, हा टाक नव्हे. का नव्हे, ते मात्र तेव्हा सांगता आलं नसतं.

मला शंका आली ती माझ्या नादामुळे. रुखवताबरोबर मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला होता आणि त्यात लहानपणापासून जमवलेली नाणी होती. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, राणीच्या तोंडाची चिल्लर. तुम्ही डबा कानाशी धरून हलवलात आणि हसून हसून बेजार झालात. "लोकाईच्या सुना दागिने घेऊन येते, आमची मास्तरीण चिल्लर घेऊन आली!" पुलगावच्या शाळेत गणित शिकवण्याची नोकरी मला नंतर लागली, मास्तरीण तुम्ही आधीच करून टाकलंत.

बाणाईच्या नावावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, बाणाई म्हणजे खंडोबाची दुसरी बायको, धनगराची लेक. कोणीतरी जेजुरीहून आणली असेल. तुमचे पिठातले हात थांबले.

"आपल्या घरी खंडोबा हाये काय?"

"नाही."

"म्हाळसा?"

"नाही."

"मंग नवरा नाई, सवत नाई, एकटी बाणाई इथं काय करून राह्यली?"

तुमचं म्हणणं सरळ होतं. सासूबाई सांगायच्या, आणि त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं, की देवीपाशी बाण आहेत म्हणून ती बाणाई. मी विचारायची, कुठे आहे बाण? तुम्ही तिच्या हातातली काठी दाखवायच्या. मी म्हणायची, बाणाला टोक असतं. तुम्ही म्हणायच्या, झिजलं असन. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढायची: काठी तर एकच आहे, आणि सासूबाई म्हणायच्या 'बाण आहेत'. एका बाणाला 'आहेत' कोण म्हणतं?

"देवीले मान द्या लागते," तुम्ही म्हणायच्या. "तिच्या बाणाले बी."

हे भांडण वर्षानुवर्षं भाकरीबरोबर भाजलं गेलं, आणि दोघींपैकी एकीनेही कधी माघार घेतली नाही.

मग ती धनत्रयोदशीची सकाळ. तुम्ही विहिरीपाशी परातीत देव घेऊन बसला होतात, शेजारी चिंचेचा कोळ आणि राख. मी अंगणात पणत्या पुसत होते. एकदम तुमची आरोळी आली, "माय व! बाणाई निंगाली!" धावत आले तर जुनी लाख तडकून बैठकीपासून सुटली होती आणि देवी तुमच्या तळहातावर पालथी पडली होती.

बाई, काय पाहिलं आपण! पुढून जिला नाक-डोळे नव्हते, तिची पाठ काल टांकसाळीतून आल्यासारखी होती. गोल माळ, माळेत मक्याचं कणीस, गव्हाच्या लोंब्या, पानांच्या शिरासुद्धा दिसत होत्या. मधोमध दोन ओळींत इंग्रजी अक्षरं: वन डाईम. लाखेने इतकी वर्षं त्या पाठीला ना पाणी लागू दिलं, ना राख, ना कोणा सुनेचा अंगठा.

"देवीच्या पाठीवर इंग्रजी?" तुमचा आवाज बारीक झाला होता.

"बाई, ही अमेरिकेची आहे. दहा सेंटचं नाणं आहे हे, जुनं."

तुम्ही क्षणभर विचार केलात. "गोंदून घेतलं असन," म्हणालात. मग तुमची नजर कणसावर गेली आणि चेहरा उजळला. "पाह्य, मका हाये. गहू हाये. अन् तू म्हन्ते हे देवी नाई?" असं म्हणत सवयीने चिंचेच्या कोळात बोटं बुडवलीत आणि त्या पाठीकडे नेलीत. मी तुमचं मनगट धरलं. मोठ्या जावेचं मनगट, सणाच्या दिवशी, भर अंगणात.

"हात लावू नका, बाई!"

"काऊन? मले काय विटाळ हाये?"

मी तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारून तुम्हाला समजावलं. नाणं किती दुर्मीळ आहे हे एक, आणि ते कसं टिकलं आहे हे दुसरं. जमवणाऱ्यांच्या जगात सगळं या दोन गोष्टींवर चालतं. तिथे घासणं म्हणजे महापाप. चांदीवर काळाने चढवलेला रंग आणि टांकसाळीतली मूळची चमक एकदा गेली की गेली. मग ते नाणं कितीही लख्ख दिसो, जाणकार माणूस त्याला लगेच बाजूला सारतो. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत.

"म्हणजे तुमच्या लोकाईत जे कधी आंघोळ करत नाई ते चांगली?"

"हो."

"अरे बाप्पा!"

संध्याकाळपर्यंत तह झाला. तोंड तुमचं, पाठ माझी. सोनाराकडे नेऊन पुन्हा तापलेली लाख लावायची नाही, हे माझं कलम. आंघोळ एक दिवसही चुकवायची नाही, हे तुमचं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बाणाईला धुवट कापडाच्या घडीवर ठेवून, कडेला दोन बोटांनी धरून, ओल्या अनामिकेने फक्त तोंड पुसायला लागलात. दिवाळी असो, नवरात्र असो, घरात लग्न असो, पाठीला पाण्याचा थेंब लागला नाही. देव मानणाऱ्या बाईने देवीचं अर्धं अंग धाकट्या जावेच्या हट्टासाठी रोज कोरडं ठेवलं. बाई, फार मोठं मन होतं तुमचं, आणि मला त्या मनाचा फार आधार होता.

ती इथे आली कशी, यावर मी रात्रंदिवस तर्क लढवायची. पुलगाव-हिंगणघाटचा कापूस, गाठी बांधायची यंत्रं, यंत्रांबरोबर आलेला कोणी साहेब, साहेबाच्या खिशातली मोड. कोण्या सोनाराने बसलेली बाई पाहून आयती चकती बैठकीवर चढवून दिली असेल. माझ्या गोष्टीत रोज नवं पात्र यायचं. तुम्हाला त्यातलं काहीच लागत नव्हतं.

"मी वडनेरहून आली, तू वर्ध्याहून आली, ते अमेरिकेहून आली. सून दुरूनच येते. आता तिचं माहेर काढून काय करतं?"

पण एक गोष्ट तुम्हालाही लागली, ती म्हणजे साल. नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन लागल्याचं मी पेपरात वाचलं आणि बाणाईला घेऊन निघायचं ठरवलं, तर तुम्ही नवं लुगडं नेसून दारात उभ्या. "देवी एकटी जाईन काय परगावी?" कुंकवाच्या करंड्यात कापूस, कापसात बाणाई, करंडा तुमच्या कमरेच्या पिशवीत, आणि पुलगाव ते नागपूर तुमचा एक हात त्या पिशवीवर. सिंदी आलं, बुटीबोरी आलं, तरी शेंगदाणे एकाच हाताने सोलून खाल्लेत.

प्रदर्शनात जाड भिंगाचा चष्मा लावलेले ते गृहस्थ आठवतात ना? त्यांनी करंड्याकडे हात केला, आणि तुम्ही त्यांच्या हाताकडे पाहून विचारलंत, "धुतले काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र खुर्चीतून उठले, हात धुऊन, कोरडे करून आले आणि म्हणाले, "माताजी, ये बात यहाँ कोई पूछताच नहीं." मग त्यांनी बाणाईला दोन बोटांनी कडेला धरून उचललं. अगदी तुमच्यासारखं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की, बघ, माझी पद्धत नागपूरपर्यंत पोचली.

ते भिंग लावून पाहत राहिले. नाणं उलटं, सुलटं, पुन्हा उलटं. "पाठीकडून पाहा तर कालची जन्मलेली, तोंडाकडून पाहा तर शंभरीची म्हातारी. असं नाणं मी उभ्या जन्मात नाही पाहिलं." मग त्यांनी भिंगाखाली माळेच्या गाठीखालची दोन इवलीशी अक्षरं दाखवली, सी आणि सी. कार्सन सिटी. अमेरिकेतल्या एका ओसाड मुलखात, चांदीच्या खाणींजवळ काढलेली टांकसाळ. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत तिथे ही नाणी फार थोडी पडली, आणि नंतर मात्र ढिगाने. "साल कोणतं त्यावर सगळं. सुरुवातीचं असेल तर जगभरातल्या जमवणाऱ्यांची झोप उडेल. नंतरचं असेल तर चांगलं आहे, घरी ठेवा."

साल देवीच्या पायाखाली. आपण तिघांनी आळीपाळीने भिंगातून पाहिलं. अठराशे सत्तर आणि वर काहीतरी. शेवटचा आकडा पार गेलेला. ज्या आकड्यावर सगळं अवलंबून तोच या घरच्या सुनांनी पुसून टाकलेला! गृहस्थांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स त्यांनी मला काढून दिली आणि जाता जाता, बदल्यात दुसरं काही हवं का, असं अदबीने विचारून पाहिलं.

"देवी बदलून भेटते काय?" तुम्ही म्हणालात, आणि करंडा मिटलात.

परतीच्या गाडीत तुमचा निकाल लागलेला होता. "सुरवातीचीच हाये. मी सांगतो ना. बाणाई कोणाच्या मागून येणारी नाई." मी गणित मांडलं: नंतरची नाणी ढिगाने, सुरुवातीची मूठभर, मग आपल्या हाती लागलेलं कोणतं असण्याचा संभव जास्त? तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "संभव तं मी तुह्या दिरासंगं लग्न करन याचाबी नव्हता." बाई, तुमच्या लग्नाची ती गोष्ट नंतर सांगते म्हणालात. राहिली.

त्यानंतर किती वेळा तुम्ही विचारलंत, "मास्तरीण, साल भेटलं काय?" मी दिव्याच्या उजेडात पाहिलं, आरशाच्या कवडशात पाहिलं, कागद ठेवून पेन्सिल फिरवून पाहिली. शेवटचा आकडा काही परत आला नाही. तुम्ही 'सुरवातीची' म्हणत राहिलात, मी 'नंतरची' म्हणत राहिले.

सावंगीच्या दवाखान्यात तुम्हाला नेलं तेव्हा मी शाळा सुटली की तशीच यायची. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारायच्या ते एवढंच.

"आज आंघोळ कोणं घातली?"

"मी, बाई."

"तोंडालेच ना?"

"तोंडालाच."

"पाठ पाह्यली?"

"पाहिली. कोरडी आहे."

मग एक दिवस तुम्ही माझा हात ओढून जवळ घेतलात. "मी नसन तवा तुह्या मनासारखं करजो तिचं. धुवू नोको, डबीत ठेव, बँकीत ठेव, जे वाटन ते. पण मले सांगून करजो."

मी म्हटलं, आता घरीच यायचंय तुम्हाला, तेव्हा बसून ठरवू. तुम्ही हसलात. तुम्हाला स्वतःला काय हवं आहे, हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. घरी मात्र तुम्हाला आम्ही वेगळ्याच गाडीतून आणलं.

घराला सुतक लागलं. देव्हाऱ्याचा पडदा ओढला गेला. भिंती अंगावर यायला लागल्या म्हणून मी सुतकातच शाळेत गेले. आमच्या संगणकाच्या खोलीत यंदा इंटरनेट आलं आहे, पण पुलगावचं इंटरनेट म्हणजे त्यापेक्षा बैलगाडी बरी. मोकळ्या तासाला तिथे जाऊन बसले आणि तुमची आठवण फार आली म्हणून टाईप केलं, कार्सन सिटी, डाईम. दुसरा काही हेतू नव्हता. एक चित्र वरून खाली, पट्टी पट्टीने उघडायला लागलं.

आधी बाणाईचं डोकं आलं. बाई, तिला नाक होतं! सरळ, धारदार, थोडं तुमच्यासारखंच. मग खांदा, मग हातातली काठी, आणि काठीच्या टोकावर चक्क टोपी. म्हणजे बाण नव्हेच तो. मनात म्हटलं, घ्या बाई, हरलात. मग ढाल आली, जिच्यावर तिचा दुसरा हात टेकलेला. मग गुडघे. मग चित्र अडकलं. मी टेबलावर बोटं वाजवत बसले. मग पाऊल आलं, पावलाखाली साल आलं, आणि सालाच्या डाव्या अंगाला एक बाण. उजव्या अंगाला एक बाण.

दोन बाण! काठी नव्हे, पायाशी, सालाच्या दोन बाजूंना, खरेखुरे टोकदार बाण. 'बाण आहेत!' सासूबाईंच्या सासूबाईंनी मान-बिन काही दिला नव्हता हो, त्यांनी सरळ मोजले होते! मी खुर्चीतून उठून ओरडले, "बाणाई!" शिपाई धावत आला. "मॅडम, काय झालं?" म्हटलं, बाण आहेत. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

आता नीट ऐका. अठराशे त्र्याहत्तरात त्या सरकारने या नाण्याचं वजन किंचित बदललं, आणि नवी नाणी ओळखू यावीत म्हणून सालाच्या दोन बाजूंना बाण टाकले. त्र्याहत्तरला टाकले, चौऱ्याहत्तरला टाकले, मग काढून घेतले. कार्सन सिटीची बाणवाली नाणी म्हणजे ही दोनच सालं, आणि दोन्ही सुरुवातीची. दोन्ही अशी दुर्मीळ की लोक आयुष्यभर शोधतात. नागपूरच्या त्या झेरॉक्सवर फक्त बिनबाणांची यादी होती. बाणवाल्यांची यादी पुढच्या पानावर असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! साल शोधायला आपण नागपूर गाठलं, आणि इथे घरात रोज सकाळी तुम्ही ते मोठ्याने हाक मारून सांगत होतात. ती या घरात आली तेव्हा बाण ताजे होते. कोण्या सुनेने ते पाहिले आणि नाव ठेवलं. मग पूजेने बाण झिजले आणि नाव राहिलं.

पण नावावर जमवणारे विश्वास ठेवत नाहीत. नाण्यावर काहीतरी दिसायला हवं. आणि नाणं पडद्यामागे, सुतकात! स्टाफरूममध्ये 'मी असलं काही मानत नाही' म्हणणारी मी. पडदा सारून तिला बाहेर काढायला कितीसा वेळ लागला असता? नाही काढली. तुमचं सुतक होतं, ते माझ्याने मोडवेना. तेरवीपर्यंतचे दिवस मी देव्हाऱ्यासमोरून जाता-येता नुसती घुटमळत होते, परीक्षेचा निकाल कपाटात बंद असल्यासारखी.

काल पंगती उठल्यावर तुमचा प्रशांत माझ्यापाशी येऊन बसला. उद्या पुण्याला परत निघायचंय म्हणाला. "काकू, आईच्या त्या नाण्याचं काय करायचं? लॉकरमध्ये ठेवू, की कोणा लिलाववाल्याला दाखवू? तुम्ही म्हणाल तसं. तुम्हालाच कळतं त्यातलं." लोभाने नाही बोलला, बाई. तुमची वस्तू हरवू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, सकाळी सांगते.

आज उन्ह अंगणात तिरपं आलं तसा मी पडदा सारला आणि बाणाईला कापडाच्या घडीवर घेऊन विहिरीपाशी बसले. इतके दिवस मी शेवटचा आकडा शोधत होते. आज आकड्यांच्या बाजूला पाहिलं. भिंग धरून जरा कलती केली, अजून जरा. उजवीकडे काही नाही, सपाट. डावीकडे, सालाच्या पहिल्या आकड्याच्या अलीकडे, केसाएवढी एक रेघ, आणि रेघेच्या टोकाला इवलंसं तिकोनी पातं. आहे! बाण आहे!

"बाई, इकडे या, लवकर!" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

पुढच्या छपरीतून भासरे, म्हणजे तुमचे यजमान, उठून आले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट असं किती बोलले असतील; मी डोक्यावरचा पदर सावरला. "काय सापडलं?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, बाण, साल, कार्सन सिटी, एका दमात. त्यांनी भिंग हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं. त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

"ते असती तं आतापावतर साऱ्या गावाले सांगून आली असती," ते म्हणाले. मग भिंग परत देताना म्हणाले, "सकाळी तिचा आवाज यायचा. ऊठ व बाणाई, पाणी घे. तो आवाज नाई तं चहा घशाखाली उतरत नाई."

तर आता तुम्हीच सांगा. जमवणारी म्हणून मला विचाराल तर लॉकर. ओल्या बोटाने सुद्धा ही रेघ रोज कणभर झिजणार, आणि एक दिवस या नाण्यावरचा शेवटचा पुरावा जाणार. लॉकरमध्ये ती शंभर वर्षं जशीच्या तशी राहील. पण लॉकरमध्ये तिला बाणाई कोण म्हणणार? दोन पिढ्यांनी कोणी पेटी उघडली तर त्याला झिजलेलं एक परदेशी नाणं दिसेल, साल न वाचता येणारं. शिवाय छपरीत ते बसले आहेत, चहा निवतो आहे. मी प्रशांतला सांगितलं: नाणं दुर्मीळ आहे, तुला वाटतं त्याहून फार दुर्मीळ आहे, आणि ते इथेच राहील. त्याची बायको विचारत होती, हिला बाणाई का म्हणतात. तिला भिंगातून बाण दाखवला आणि नाव तीनदा म्हणायला लावलं. पाठ कोरडी ठेवणार आहे, त्यात बदल नाही. तोंडाची आंघोळ आजपासून माझ्याकडे.

सांगून करजो म्हणालात, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. पाणी कोमट केलं आहे. थांबा, आलेच.

घातली, बाई. "ऊठ व बाणाई, पाणी घे," असं छपरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. अनामिका ओली केली. कपाळ पुसलं, खांदा पुसला, गुडघे पुसले, मग बोट हळूच पायाशी नेलं. बाण आहे. बोटाला लागतो.